अपयशाचे पाठ आणि पाठभेद

चिकाटीवर मराठीत निबंध लिहायचा म्हटला की दोन गोष्टी जवळजवळ ठरलेल्या असतात. एक म्हणजे वाळू रगडून तेल काढणारी वामन पंडितांची ओळ आणि दुसरी म्हणजे विजेचा दिवा शोधताना दहा हजार वेळा अपयशी ठरलेला थॉमस अल्वा एडिसन. शाळेच्या फलकापासून पदव्युत्तर वर्गाच्या स्वागत समारंभापर्यंत या दोघांची जोडी फिरत असते. या दोन्ही दाखल्यांना एकच भाग्य लाभले आहे. दोन्ही आपापल्या संदर्भातून उचलले गेले, आणि संदर्भ सुटल्यामुळेच लोकप्रिय झाले.

वामन पंडितांची ओळ ही भर्तृहरीच्या नीतिशतकातील एका श्लोकाच्या समश्लोकी अनुवादातली आहे. तो श्लोक मुळात चिकाटीचा गौरव करण्यासाठी लिहिलेलाच नाही. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडताना सशाचे शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे अशक्य गोष्टींच्या चढत्या यादीतले पहिले पाऊल आपण उचलले आणि त्याचे सुभाषित केले. ज्या श्लोकाचा रोख आंधळ्या हट्टावर आहे त्याची पहिली ओळ आपण हट्टाच्या समर्थनार्थ वापरतो, हा विनोद भर्तृहरीलाही आवडला असता. साहित्याच्या शिक्षकाला अशा वेळी पाठचिकित्सेची जी खोड लागलेली असते, तीच एडिसनच्या गोष्टीला लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एडिसनच्या गोष्टीचे पाठभेद पुष्कळ आहेत. कुठे आकडा हजार असतो, कुठे दोन हजार, कुठे दहा हजार. कुठे प्रश्न विचारणारा पत्रकार असतो, कुठे मित्र, कुठे मदतनीस. दिवा मात्र बहुतेक ठिकाणी कायम असतो. या गोष्टीचा जो जुना आणि त्यातल्या त्यात विश्वासार्ह पाठ उपलब्ध आहे तो फ्रँक डायर आणि थॉमस मार्टिन यांनी १९१० साली, म्हणजे एडिसनच्या हयातीतच, प्रसिद्ध केलेल्या चरित्रात सापडतो. तिथे ही हकिकत सांगणारा आहे वॉल्टर मॅलरी हा एडिसनचा अनेक वर्षांचा सहकारी. गंमत अशी, की त्या हकिकतीत दिवा नाहीच. आहे ती विजेची बॅटरी, म्हणजे वीज साठवून ठेवणारा संचायक. मॅलरी प्रयोगशाळेत गेला तेव्हा एडिसन एका लांबलचक बाकाशी बसलेला होता, बाकावर शेकडो छोट्या चाचणी-कुप्या मांडलेल्या होत्या, आणि कित्येक महिने आठवड्याचे सातही दिवस हे काम चालू होते. नऊ हजारांवर प्रयोग होऊनही हाती काही लागले नाही हे कळल्यावर मॅलरी हळहळला. त्यावर एडिसन हसून म्हणाला, की निष्पत्ती पुष्कळ झाली आहे, कोणत्या हजारो गोष्टी चालत नाहीत हे आता ठाऊक झाले आहे.

बॅटरीचा दिवा होणे आणि नऊचे दहा होणे हा केवळ तपशिलाचा घोळ आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. लोककथेत बदल होतात ते ऐकणाऱ्याच्या गरजेप्रमाणे. दिवा हे निर्विवाद यश आहे, बॅटरीचे तसे नाही. दिव्याची गोष्ट अंधारातून उजेडात जाते, तिचे रूपक आयतेच तयार असते. बॅटरीची गोष्ट मात्र जिथे जायला निघाली तिथे पोहोचतच नाही. म्हणून ती सांगणाऱ्याला नको असते. ती इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण चिकाटीविषयी काही शिकायचे असेल तर ते तिच्यातच आहे.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मोटारगाडी कशावर चालणार हे ठरलेले नव्हते. वाफ, पेट्रोल आणि वीज असे तिन्ही दावेदार होते. विजेच्या गाडीची अडचण बॅटरीत होती. शिसे आणि गंधकाम्ल यांची तेव्हाची बॅटरी जड, आणि आम्लामुळे आतून झिजणारी. आम्लाऐवजी अल्कली द्रव वापरून हलकी आणि टिकाऊ बॅटरी करता येईल असे एडिसनने ठरवले आणि १८९९च्या सुमारास कामाला सुरुवात केली. अखेर निकेल आणि लोखंड ही जोडी मुक्रर झाली. १९०१ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली आणि १९०३ पासून बॅटरी बाजारात येऊ लागली. जाहिरात मोठी होती, मागणीही आली. मग तक्रारी येऊ लागल्या. डबे गळत होते, बॅटरीची शक्ती काही काळाने घटत होती. इथे एडिसनने जे केले ते दहा हजारांच्या गोष्टीत कधीच येत नाही. विकली जात असलेली बॅटरी त्याने बाजारातून काढून घेतली आणि उत्पादन थांबवले.

त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे मूळ दोष शोधण्यात गेली. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहावी म्हणून आत ग्रॅफाइट मिसळलेले असे, आणि तेच कालांतराने दगा देत होते. त्याच्या जागी शुद्ध निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे घालायचे ठरले. पण असे पापुद्रे आणायचे कुठून? तांबे आणि निकेल यांचे एकावर एक असे थर विजेच्या साहाय्याने चढवायचे, त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि मग तांबे विरघळवून टाकायचे, म्हणजे निकेलचे पापुद्रे मोकळे होतात. हे पापुद्रे आणि निकेलचे संयुग छिद्रे पाडलेल्या बारीक नळ्यांमध्ये आळीपाळीने, एकेका नळीत शेकडो थर होतील असे ठासून भरायचे. द्रावणात लिथियमचे एक संयुग थोडे मिसळले तर क्षमता वाढते, हेही याच काळात लक्षात आले. १९०९ साली सुधारलेली बॅटरी तयार झाली. ती उत्तम होती. गळत नव्हती, हेळसांड सोसत होती, वर्षानुवर्षे टिकत होती.

आणि तोवर उशीर झाला होता. फोर्डची स्वस्त पेट्रोल गाडी १९०८ मध्येच रस्त्यावर आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर बसला, हँडल फिरवून गाडी चालू करण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीचा एक मोठा फायदाही त्यासोबत संपला. त्या स्टार्टरसाठी वापरली गेली ती जुनी शिशाची बॅटरीच. क्षणभर जोराचा प्रवाह देण्याच्या कामी, विशेषतः थंडीत, एडिसनची बॅटरी कमी पडे. मग एडिसनच्या दहा वर्षांच्या खटपटीचे झाले काय? ती बॅटरी खाण-कामगारांच्या दिव्यांत गेली, रेल्वेच्या सिग्नलांत गेली, आगगाडीच्या डब्यांतल्या दिव्यांसाठी गेली, आणि तिने त्याला चांगला पैसाही मिळवून दिला. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती जन्मली त्या प्रश्नाचे उत्तर ती ठरली नाही, कुणीच न विचारलेल्या दुसऱ्या अनेक प्रश्नांचे ठरली. याला यश म्हणायचे की अपयश? निबंधाच्या साच्यात हे बसत नाही, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते.

दिव्याची हकिकतही आपण समजतो तितकी सरळ नाही. १८७८च्या सप्टेंबरात, हाती काहीही पक्के नसताना, आपण विद्युतदिव्याचा प्रश्न सोडवल्याचे एडिसनने वर्तमानपत्रांना सांगून टाकले होते. गॅसच्या कंपन्यांचे समभाग त्याने घसरले. पुढे वर्षभर तो प्लॅटिनमच्या तारेशी झुंजत राहिला. कोंडी फुटली ती केवळ एकामागून एक पदार्थ जाळून पाहिल्याने नव्हे. दिव्याचा विरोध जास्त ठेवला नाही तर शहरभर वीज न्यायला लागणारे तांबे परवडणारच नाही, असे हिशेबाने लक्षात आले तेव्हा शोधाची दिशा ठरली. हे आकडेमोडीचे काम फ्रान्सिस अप्टन या गणितज्ञ मदतनिसाचे. हात कुशल होते ते चार्ल्स बॅचलरचे, काचेचे फुगे फुंकणारा होता लुडविग बोम. ऑक्टोबर १८७९ मध्ये कर्बीकरण केलेला सुती दोरा तेरा-चौदा तास जळला, तो दिवस साजरा होतो. पण बाजारात टिकेल असा दिवा व्हायला बांबूचा तंतू लागला आणि त्यासाठी माणसे देशोदेशी धाडावी लागली. उत्तम ठरलेला बांबू क्योतोजवळचा निघाला. तेथील इवाशिमिझु हाचिमान देवस्थानात एडिसनचे स्मारक आहे.

म्हणजे ‘एडिसन दहा हजार वेळा अपयशी ठरला’ या वाक्याचा कर्ताच शंकास्पद आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर एकवचनी कर्त्याच्या जागी इथे एक मोठे अनेकवचन दडलेले आहे. मॅलरीने पाहिलेल्या त्या बाकावरच्या कुप्या एडिसनच्या रसायनतज्ज्ञांनी बनवलेल्या होत्या. दिव्याच्या वेळी पाठीशी मॉर्गनच्या गोटातील धनकोंचे भांडवल होते. अपयश सोसायला मन लागते हे खरेच. पण अपयशाला पगार, कोळसा, काच आणि भाडेही लागते, आणि ते कुणीतरी द्यावे लागते. आपल्या बोधकथांमध्ये मनाचा उल्लेख असतो, भाड्याचा नसतो.

चिकाटी आणि हट्ट यांच्यातली सीमारेषा एडिसनच्या आयुष्यात तर फारच अस्पष्ट आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला विरोध केला आणि आपल्या एकदिश प्रवाहाचा पक्ष सोडला नाही. त्यातही चिकाटीच होती. ती चुकीच्या बाजूला होती एवढेच. १८९२ मध्ये विलीनीकरण होऊन जी नवी कंपनी निघाली तिच्या नावातून एडिसनचे नाव गळून पडले. दुसरी गोष्ट न्यू जर्सीतल्या ऑग्डनच्या लोहखाणीची. कमी प्रतीच्या खनिजाचे खडक प्रचंड रुळांखाली भरडायचे आणि लोहचुंबकाने लोखंड वेगळे काढायचे, ही कल्पना. १८९०चे दशक जवळजवळ सगळे त्यात गेले, वीस लाख डॉलरहून अधिक पैसा गेला. त्यातला मोठा वाटा एडिसनच्या स्वतःच्या खिशातला होता. यंत्रे मोडत, धूळ उडे, यंत्रे पुन्हा उभी राहत. तंत्र सुधारतही होते. पण मिनेसोटातल्या मेसाबी पट्ट्यात वरवर खणूनही उत्तम खनिज मिळू लागले आणि भाव कोसळले. ऑग्डनची यंत्रे कितीही सुधारली तरी त्या भावाला लोखंड काढणे शक्य नव्हते. हे हिशेबाने दिसल्यावर एडिसनने खाण बंद केली. कुरकुरत बसला नाही. खडक भरडण्याची ती विद्या त्याने पुढे सिमेंटच्या कारखान्यात वापरली.

या माणसाकडून एकच गोष्ट शिकायची झाली तर मी ऑग्डन बंद करण्याचा दिवस निवडीन. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेळी जे त्याला साधले नाही ते इथे साधले.

आपल्या भाषेने या बाबतीत बरीच सूक्ष्म व्यवस्था करून ठेवली आहे, पण आपण ती वापरत नाही. चिकाटी, जिद्द, हट्ट, चिवटपणा, अट्टाहास, दुराग्रह हे शब्द आपण गौरवाच्या आणि निंदेच्या दोन खणांत टाकून मोकळे होतो. पण ‘जिद्द’ हा शब्द मुळात अरबीतून आलेला, आणि त्याच्या मुळाशी विरोधाचा अर्थ आहे. जिद्द कुणाच्या तरी विरुद्ध असते. चिकाटीत चिकटणे आहे, ती कशाला तरी धरून असते. हट्ट मागणारा असतो, त्याला समोर देणारा लागतो. एडिसन बॅटरीला चिकटून होता, विजेच्या प्रवाहाच्या प्रश्नात मात्र तो जिद्दीला पेटला होता. विद्यार्थ्याला ‘चिकाटी ठेव’ म्हणताना आपण यांतले नेमके काय मागत असतो?

इथे एका मराठी नावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शंकर आबाजी भिसे यांना ‘भारतीय एडिसन’ म्हटले गेले. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनला गेला. दादाभाई नौरोजींचे पाठबळ त्याला मिळाले. अनेक लहानमोठ्या युक्त्यांचे एकस्व त्याने घेतले, पण त्याचा खरा ध्यास होता छपाईचे खिळे वेगाने ओतणारे यंत्र. ज्यांचे पोट अक्षरांवर चालते त्या आपल्यासारख्यांना तरी हे नाव माहीत असायला हवे. भांडवल आटले की पुन्हा नवा आश्रयदाता, असे त्यांचे चालले होते. जमशेटजींचे पुत्र रतनजी टाटा यांच्या साहाय्याने १९१० मध्ये भिसे यांच्या शोधांसाठी स्वतंत्र संस्थाही निघाली. तरी ते यंत्र अपेक्षेप्रमाणे बाजार काबीज करू शकले नाही. पुढे भिसे अमेरिकेत गेले, तिथे आयोडीनचे एक औषध त्यांनी तयार केले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. चिकाटीत ते एडिसनला हार जाणारे नव्हते. पण एडिसनपाशी स्वतःची प्रयोगशाळा होती, रोज कामावर येणारी माणसे होती, आणि एक शोध बुडाला तर दुसऱ्याच्या मिळकतीतून तो भरून काढण्याची सोय होती. परक्या देशात, दर वेळी नव्या दाराशी उभे राहून केलेल्या चिकाटीची जात वेगळी असते. ‘भारतीय एडिसन’ या बिरुदाने हा फरकच पुसला जातो. म्हणून मला ते बिरुद गौरवापेक्षा अन्यायाचे वाटते.

आता आपल्या घराकडे येऊ. मराठी घेऊन एम. ए. झालेली किती मुले-मुली आज नेट-सेटच्या चौथ्या, सहाव्या, आठव्या प्रयत्नात आहेत, आणि किती जण ती परीक्षा उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर, सुट्टीतले महिने बिनपगारी काढत, वर्षानुवर्षे शिकवत आहेत, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी केव्हातरी एडिसनची गोष्ट सांगितलेली आहे. सांगणारा बहुधा कायम नोकरीतला असतो. ती गोष्ट अशा वेळी धीर देत नाही, ती जबाबदारी ढकलते. जागा भरल्या जात नाहीत हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. गोष्ट ऐकल्यावर तो उमेदवाराच्या मनोबलाचा प्रश्न होऊन जातो. नऊ हजारावा प्रयोग फसला तेव्हा एडिसन घरभाड्याच्या विवंचनेत नव्हता, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ ती सांगूच नये असा नाही. मॅलरीच्या पाठात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या विद्यार्थ्यांना खरोखर द्यावी. हजारो गोष्टी चालत नाहीत हे ‘ठाऊक आहे’ असे एडिसन म्हणू शकला, कारण ते लिहून ठेवलेले होते. त्याच्या प्रयोगशाळांमधल्या वह्या, पत्रे आणि कागद मिळून सुमारे पन्नास लाख पाने आज जतन केलेली आहेत. न नोंदलेले अपयश हे नुसते अपयश असते. नोंदलेल्या अपयशाचा निदान पुढच्याला उपयोग होतो. सहाव्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलीपाशी आधीच्या पाच प्रयत्नांची वही आहे का? कोणत्या घटकात गुण गेले, कोणता प्रश्न वाचण्यातच चुकला, काय वाचायचे राहिले? तशी वही असेल तर सहावा प्रयत्न सहावा असतो. नसेल तर पहिलाच सहाव्यांदा केलेला असतो. आणि त्या वहीवरून हे दार आता सोडावे असे दिसले, तर तसे सांगण्याचे धैर्य शिक्षकात हवे. अनुवाद, संपादन, कोशकार्य, हस्तलिखितांचे काम यांतल्या कशात तिची ऑग्डनमधली विद्या सिमेंटसारखी वापरता येईल, हेही त्याने तिच्याबरोबर बसून शोधायला हवे.

आपण मार्गदर्शक म्हणून जे प्रबंध करवून घेतो त्यांची परिस्थिती मात्र उलटी आहे. मराठीतला प्रबंध उघडावा, पहिल्या प्रकरणात चार-पाच गृहीतके असतात आणि शेवटच्या प्रकरणात ती सर्वच्या सर्व सिद्ध झालेली असतात. माझ्या पाहण्यात गृहीतक फसल्याचे कबूल करणारा प्रबंध जवळजवळ नाही. पाच वर्षे माणूस काम करतो आणि त्याचा एकही तर्क चुकत नाही, यावर विश्वास ठेवायला आपल्या परीक्षकांना काहीच जड जात नाही. वास्तविक प्रत्येक संशोधकाने एखादे हस्तलिखित शोधत गावोगाव हिंडून रिकाम्या हाताने परतलेले असते, एखाद्या कवीवरचा प्रभाव सिद्ध करायला निघून तो नसल्याचे त्याला आढळलेले असते. ही माहिती पुढच्या संशोधकाची दोन वर्षे वाचवू शकते. ती चहाच्या टपरीवर सांगितली जाते, प्रबंधात लिहिली जात नाही. मग तोच शोध घेत दुसरा कुणी त्याच गावी जातो.

येत्या वर्षी माझ्याकडे नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एक अट घालणार आहे. प्रबंधाच्या शेवटी, परिशिष्ट म्हणून का होईना, काय शोधले आणि सापडले नाही, कोणता तर्क का सोडून द्यावा लागला, कुठल्या संग्रहात काय नाही, याची तारीखवार नोंद असावी. विद्यापीठाच्या बांधणीच्या नियमांत त्या पानांना कुठे बसवायचे ते पुढे पाहता येईल. परीक्षक काय म्हणतील याची मला थोडी धास्ती आहे, आणि थोडी उत्सुकताही.